कापूस सगळ्यात वर

त्या मार्चमध्ये नॉर्बर्ट वीनहोल्डच्या पदरात पडण्यासारखं जे होतं ते असं: अकरा मासे, त्यांना पुढे होणाऱ्या पिलांचे निदान चाळीस गुण, आणि शबॉयगन शहरातल्या आमच्या मत्स्यमंडळाच्या गुणतक्त्यातली सगळ्यात वरची ओळ. त्या ओळीवर हार्लन ग्रोथचं नाव बावीस वर्षं ठाण मांडून होतं आणि नॉर्ब बावीस वर्षं त्याच्या खालच्या ओळीत बसून मान वर करून बघत होता. एवढं सगळं मिळवायला त्याला करायचं काय होतं? काहीच नाही. तीस दिवस गप्प बसायचं.

मासे दिसायला काही खास नाहीत. बोटाएवढे, राखाडी, शेपटीला पिवळी किनार. मेक्सिकोतल्या ज्या ओढ्यातून ते आले तो कधीच आटला. आता त्यांचा मुक्काम आमच्यासारख्यांच्या घरात. म्हणून मंडळात हे मासे कुणाच्या मालकीचे नसतात, नुसते ताब्यात असतात. ताब्याचा नियम हार्लननेच लिहिलेला. ज्याच्या ताब्यात मासे आहेत तो आजारी पडला, तर घरच्यांनी तीस दिवस मासे सांभाळून दाखवायचे. त्यात एक जरी दगावला, तर सगळे यादीतल्या पुढच्या नावाकडे जायचे. पहिल्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी मोजणी. मोजायला दोघं: नोंदवही ठेवणारी, म्हणजे मी लॉरेटा, आणि यादीतलं पुढचं नाव, म्हणजे नॉर्ब. "ज्याला ते हवेत तोच नीट मोजेल," असं हार्लनचं म्हणणं. माणसांवर विश्वास ठेवायची त्याची ही रीत.

फेब्रुवारी संपता संपता हार्लनला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, डोकं मात्र जागेवर राहिलं. त्याला पुनर्वसन केंद्रात हलवलं आणि त्याची मुलगी डियान आपलं बिऱ्हाड कुलूपबंद करून बापाच्या घरी येऊन राहिली. डियान दंतवैद्याकडे दात साफ करायचं काम करते. संध्याकाळी ती केंद्रात गेली की म्हातारा डावा हात उचलून एकच खूण करायचा: किती? ती दहा बोटं दाखवायची, मग एक. तेवढं बघितलं की तो तोंड उघडायचा, सूप प्यायचा, हाताचे व्यायाम करायचा. एकदा वाटेत बर्फ होतं म्हणून ती पोचली नाही, तर त्या दिवशी तो जेवला नाही की उठून बसला नाही. तिथल्या नर्सने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या वडिलांचं औषध आमच्याकडे नाही, तुमच्या दिवाणखान्यात आहे." डियानने ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं.

पंधराव्या दिवशी रविवार होता. चर्च आटोपून मी आणि नॉर्ब हार्लनच्या घरी गेलो. नॉर्बच्या कोटाच्या खिशात मोजणीच्या दिवशी पाणी तपासायच्या बाटल्या असतातच. दुसरी माणसं चष्मा नेतात, हा बाटल्या नेतो.

"या, मिस्टर वीनहोल्ड! लॉरेटा, ये!" डियानने दार उघडतानाच सांगितलं, "कॉफी टाकली आहे, आणि लिंबाच्या वड्या केल्या आहेत. पण आधी पाणी बघा पाणी! डॅडच्या हातून असं कधी झालं होतं का?"

"नव्हतं," नॉर्ब म्हणाला. खरं तेच बोलला.

पाणी काचेसारखं होतं. मागची भिंतसुद्धा धुऊन काढल्यासारखी दिसत होती. मासे अकराच्या अकरा होते, पण सगळे वर, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून. नॉर्बने दोनदा मोजले, मी एकदा मोजले. मग त्याने तपासायच्या काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, बूच लावून हलवलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. ह्या तपासणीत पिवळा रंग म्हणजे पाणी निर्धोक. हिरवा म्हणजे माशांनी केलेली घाण विष होऊन पाण्यातच साचते आहे. मला त्याच्या खांद्यावरून दिसली ती नळी ख्रिसमसच्या झाडासारखी हिरवीगार होती.

नॉर्बने ती खिडकीतल्या कुंडीत ओतली आणि येऊन वडी उचलली.

"सगळं ठीक?" डियानने विचारलं.

"अकरा," नॉर्ब म्हणाला.

मीही काही बोलले नाही. मोजणारीने सल्ला द्यावा असं नियमात नाही. कॉफी संपेपर्यंत ह्या माणसाची वाट बघायची, नाही बोलला तर आपण तोंड उघडायचं, असं मी ठरवलं होतं. आज हे लिहिणं सोपं आहे, एवढं कबूल करते.

"तुम्ही आलाच आहात तर एक काम करा," डियान म्हणाली. "फिल्टरचं झाकण बघा. गुरुवारी मी तो साफ केला, तेव्हापासून टपटप गळतोय."

तिने टाकीखालच्या कपाटातून फिल्टरचा तो गोल, पारदर्शक डबा काढला, बादलीत ठेवून स्वयंपाकघरात आणला आणि क्लिपा उघडल्या. नॉर्बने वाकून नाक पुढे केलं. चालता फिल्टर उघडला की पावसाळी तळ्याचा वास येतो. ह्याला कसलाच वास नव्हता. साबणाचा असेल तर थोडासा.

"वास नाही याला," तो म्हणाला.

"येईल कसा! आत काय घाण होती, सांगते तुम्हाला. तपकिरी चिखल नुसता! बिचारे मासे त्यातून गाळलेलं पाणी पीत होते. स्पंज दोनदा डिशवॉशरमधून काढले. आणि ह्या सिरॅमिकच्या नळ्या क्लिनिकमध्ये नेल्या."

"क्लिनिकमध्ये?"

"वाफेच्या पेटीत घातल्या. चिमटे, आरसे घालतो ना आम्ही, तिच्यात. एकशे एकवीस डिग्री, वीस मिनिटं. जिवंत म्हणून काही उरत नाही."

नॉर्बचा कप हवेतच थांबला. "काही उरत नाही," तो हळूच म्हणाला.

"काही नाही!" डियान अभिमानाने म्हणाली.

मी नॉर्बकडे बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. आणखी पंधरा दिवस. पंधरा कशाला, त्या हिरव्या रंगावरून तीन-चार दिवसांचंच काम होतं.

डियान बसली जमिनीवर आणि डबा पुन्हा भरायला लागली. आत एकावर एक बसणाऱ्या चार टोपल्या. तिने पांढऱ्या कापसाचा नवा गुंडाळा घेतला, त्याची गोल चकती कापली, छान कापली, आणि सगळ्यात खालच्या टोपलीत निजवली.

नॉर्बने पायावर पाय टाकला.

"मऊ खाली, जड वर," डियान म्हणाली. "काचेची भांडी बांधतो तसं."

नॉर्बने पाय बदलला. मग भिंतीला सांगावं तसं विचारलं, "पाणी आत कुठून येतं म्हणे?"

"वरून. नळी वर जोडलीय ना."

"नळी वर आहे. पण पाणी त्या कडेच्या नळकांड्यातून आधी तळाला उतरतं. मग टोपल्यांमधून वर चढतं."

"बरं. मग?"

"मग काही नाही."

डियानने दुसरी चकती कापून पहिलीवर ठेवली. त्यावर नळ्यांची टोपली. त्यावर बारीक स्पंज. आणि जाड, खरबरीत, निळा स्पंज, ज्याच्यातून मटार पार होईल असा, तो सगळ्यात वर. दाबून बसेना, म्हणून तिने त्यावर गुडघा ठेवला.

"अगं ए!" नॉर्ब किंचाळला. "काढ! काढ तो गुडघा! उचल सगळं!"

कॉफी माझ्या मांडीवर आली. नॉर्बर्ट वीनहोल्ड, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, टेबलाला धरून जमिनीवर उतरला आणि त्याने डबा आपल्याकडे ओढला.

"पोरी, घराच्या दाराशी काय ठेवतेस? पायपुसणं की रेशमी रुमाल?"

"पायपुसणं."

"मग? पाण्यातला कचरा, पानं, माशांची विष्ठा आधी कुणाला भेटणार? ह्या कापसाला! दोन दिवसांत त्याचा लगदा होतो आणि पाणी अडतं. जाड स्पंज सगळ्यात खाली. तो मोठा कचरा धरेल. त्यावर बारीक. मग नळ्या, म्हणजे त्यांच्यापर्यंत कचरा पोचतच नाही. आणि कापूस सगळ्यात वर, शेवटी. एकच थर. दोन नाही, एक! कडेला फट ठेवू नकोस, पाणी आळशी असतं, फट दिसली की तिथूनच जातं."

बोलता बोलता त्याचे हात चालले होते. टोपल्या त्याने अशा लावल्या की एकीचीही कड बाहेर आली नाही. झाकणाखालच्या रबरी कड्यात कापसाचा एक धागा अडकला होता, तो त्याने नखाने काढून डियानच्या नाकासमोर धरला. "हे तुझं गळणं." खिशातून ग्रीसची डबी काढून कड्याला बोट फिरवलं, झाकण बसवलं, चार क्लिपा लावल्या. टक, टक, टक, टक.

"झालं," तो म्हणाला आणि समाधानाने मागे टेकला.

इथे तो थांबू शकला असता. डबा आता उत्तम लागला होता आणि तितकाच निर्जीव होता. पाहवत नव्हती ती चूक दुरुस्त झाली, आणि अकरा मासे अजून त्याच्याच वाटेवर होते. त्याच्या तोंडावर मला तो हिशेब होताना दिसला. बेरीज सोपी होती.

"थँक यू, मिस्टर वीनहोल्ड," डियान म्हणाली. "डॅडना आजच सांगते. फिल्टर तुम्ही स्वतःच्या हातांनी लावलात म्हणून. इतकं बरं वाटेल त्यांना!"

नॉर्बचा चेहरा उतरला.

"त्याला कशाला सांगतेस?"

"का नको? सगळ्यांना सांगणार आहे मी."

तो माझ्याकडे वळला. "लॉरेटा, तू बघत काय बसली आहेस?"

"मी मोजायला आले आहे," मी म्हटलं. "मोजते आहे."

त्याने एक शिवी दिली, चर्चचा कोट अंगात असताना. मग टेबलाला धरून उठला, टाकीचं पाणी पुन्हा नळीत घेतलं, थेंब टाकले, आणि या वेळी ती हिरवी नळी डियानच्या हातात दिली.

"तो तपकिरी चिखल म्हणतेस ना, तो घाण नव्हता," तो म्हणाला. "त्यात जीव होते, डोळ्याला न दिसणारे. माशांच्या घाणीतलं विष ते खातात. हार्लनने ते ह्या नळ्यांवर वर्षानुवर्षं पोसले होते."

डियानने नळीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. दातांचं काम करणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"म्हणजे मीच मारते आहे त्यांना."

"अजून नाही. रडायला वेळ नाही, बादली आण. एक तृतीयांश पाणी काढ, नळाचं पाणी क्लोरीन मारायचं औषध टाकून भर. सावकाश. आम्ही अर्ध्या तासात येतो."

"कुठे चाललात?"

"माझ्या घरी. उधार आणायला."

नॉर्बकडे आता एकच टाकी उरली आहे, गुडघ्यांमुळे. त्या टाकीत इंद्रधनुषी माशांची एक्केचाळीस पिलं होती. एप्रिलच्या प्रदर्शनात मांडायला किमान तीस लागतात. पाच महिने त्याने त्यांना दिवसातून चार वेळा भरवलं होतं. नाताळात मुलीकडे शिकागोला गेला नाही तो ह्यांच्यासाठी. त्याने आपला फिल्टर उघडला, हार्लनच्या फिल्टरच्या निम्म्या आकाराचा. तळ्याचा वास खोलीभर झाला. बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्याने पहिली टोपली त्यात उपडी केली. तपकिरी, बुळबुळीत, घाणेरड्या नळ्या. अशा हळुवारपणे ओतल्या की तान्ह्या मुलाला न्हाऊ घालतो आहे असं वाटावं.

मग दुसरी टोपली.

"नॉर्ब, तुझ्याकडे नळ्यांच्या तीनच टोपल्या आहेत."

"अर्धा माल ठेवतोय ना मला."

"तीनातल्या दोन म्हणजे अर्धा?"

"माझी नजर आता पूर्वीसारखी नाही, लॉरेटा." त्याने रिकाम्या टोपल्यांत डियानच्या डब्यातून येताना काढून आणलेल्या, वाफवलेल्या पांढऱ्याशुभ्र नळ्या भरल्या. दवाखान्यातून आलेल्या पाहुण्यांसारख्या त्या तिथे जाऊन बसल्या. "पिलांना खाणं कमी करेन. निभेल."

"आणि नाही निभलं तर?"

"तू गाडी चालव."

गाडी मी चालवली. बादली तो मांडीवर घेऊन बसला होता, आणि प्रत्येक वळणावर मला बोल लावत होता. पाणी हलून नळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणे. आठव्या रस्त्याच्या सिग्नलला लाल लागला तर, "लॉरेटा, कोण बघतंय," असं हा माणूस म्हणाला, जो मंडळाच्या सभेत एक मिनिट उशिरा आलेल्याचं नाव लिहायला लावतो.

डियानने पाणी बदलून ठेवलं होतं, डोळे पुसून ठेवले होते आणि डबा उघडून टोपल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. नॉर्ब खाली बसायला लागला तर म्हणाली, "तुम्ही खुर्चीवर बसा. मी लावते. चुकले तर ओरडा."

त्याने ओरडायची संधी शोधली, पण ती तिने दिली नाही. जाड स्पंज, बारीक स्पंज, नॉर्बच्या नळ्या, त्यातली एकही नळी नळाखाली न धरता. कापसाचा एक थर. डबा पाण्याने भरून घेतला, मग बटण दाबलं. आतून गुळगुळ आवाज झाला, हवेचे बुडबुडे सुटले, आणि मग तो डबा मांजरासारखा हळू घुरघुरायला लागला.

"आता?" डियानने विचारलं.

"आता रोज पाणी बदलायचं आणि रोज रंग बघायचा. आणि मासे भीक मागतील तरी खाणं निम्मं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला नॉर्बचा फोन तिच्या उशाशी वाजायचा.

"रंग?"

"हिरवा."

"कसला हिरवा? हिरवे शंभर आहेत."

"मटारासारखा."

तिसऱ्या दिवशी कोबीसारखा झाला. पाचव्या दिवशी कच्च्या लिंबासारखा. डियानने कामावरून रजा घेतली आणि दिवसाला सहा-सहा बादल्या उपसल्या. संध्याकाळी केंद्रात जाऊन दहा बोटं आणि एक दाखवायची, आणि घरी येऊन पुन्हा बादली उचलायची. आठव्या दिवशी मासे पृष्ठभाग सोडून खाली उतरले. दहाव्या दिवशी फोन तिनेच केला, पावणेसहाला.

"पिवळा," ती म्हणाली. "लोण्यासारखा पिवळा!"

"मीठ घातलेलं लोणी की बिनमिठाचं?"

"मिस्टर वीनहोल्ड!"

"बरं बरं. अजून दोन दिवस बघ."

त्याच्या स्वतःच्या घरी काय चाललं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण पिलांचा आकडा दर आठवड्याला वहीत लिहावा लागतो. एक्केचाळीस. मग चौतीस. मग बावीस. प्रदर्शनाचा अर्ज त्याने टपालाने परत मागवून घेतला.

तिसाव्या दिवशी आम्ही मोजायला गेलो, तेव्हा हार्लन आदल्याच दिवशी घरी आला होता. चौपायी काठी धरून टाकीसमोर उभा होता. डियान त्याच्या कोपराशी, न धरता, पण धरता येईल इतक्या अंतरावर. मोठे मासे अकरा. आणि खालच्या शेवाळात काहीतरी हललं, म्हणून नॉर्बने खिशातून टॉर्च काढला. पिलं! पापणीच्या केसाएवढी. ह्या जातीच्या मादीला जिवंत पिलं होतात. आम्ही तिघांनी तीन वेळा मोजली आणि सातावर एकमत झालं.

हार्लनने काठीने कपाटाचं दार ढकललं आणि डब्याकडे बराच वेळ बघितलं.

"कुणी... लावला?"

"मिस्टर वीनहोल्डनी," डियान म्हणाली. "आणि मी सगळं मारून टाकलं होतं, डॅड. तुम्हाला सांगितलं नाही मी."

हार्लनने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा नॉर्बकडे. माणूस काय मिळवायला आला होता हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, नियम त्यानेच लिहिलेला. जड जीभ त्याने सावकाश जागेवर आणली.

"बरोबर... लावलाय."

बावीस वर्षांत हार्लनने नॉर्बच्या कुठल्याही कामाला बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. नॉर्ब कानापर्यंत लाल झाला.

"कापूस तिनं कापलाय," तो म्हणाला. "मी नुसता ओरडलो."

मग सगळे स्वयंपाकघरात बसले. हार्लनने डाव्या हाताने, अर्धं सांडून, पण स्वतः सूप घेतलं. मी वही उघडली आणि हिशेब मांडला. पिलं ज्याच्या पाण्यात जन्मली त्याची, म्हणून ह्या सातांचे गुण हार्लनच्या खात्यात. वरची ओळ त्याचीच, आता आणखी वर. डियान: बारा दिवसांची रजा, साठ-सत्तर बादल्या, आणि मंडळात नवं नाव, गुण शून्य. नॉर्बर्ट वीनहोल्ड: नळ्यांच्या दोन टोपल्या, मेलेली एकोणीस पिलं, एप्रिलचं प्रदर्शन, आणि यादीतला हक्क, जो आज दुपारी संपला.

वही साक्षीदाराच्या सहीसाठी त्याच्यापुढे सरकवली. त्याने चष्मा लावून आपली ओळ वरपासून खालपर्यंत वाचली. एकच दुरुस्ती सांगितली: पिलं एकोणीस नाहीत, वीस, एक आज सकाळी गेलं. मी आकडा बदलला. मग त्याने सही केली.